खंडेनवमीची रायफल

उपेंद्रच्या बंदुकीच्या लायसन्ससाठी शेजारच्या कीथनेच लिहून दिलं होतं, ‘या गृहस्थांना मी अकरा वर्षं चांगला ओळखतो.’ लष्कराने विकायला काढलेली जुनी रायफल बघायला कॉव्हेंट्रीतल्या दुकानातही तोच सोबत आला. त्याने नळी उजेडाकडे धरून आत गंज आहे का पाहिलं, बोल्टवरचा नंबर बॉडीवरच्या नंबराशी ताडला, दस्त्यावरच्या चिरेवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "घे डोळे मिटून."

खंडेनवमीला उपेंद्रने बाबांचा कुडता नि टोपी चढवली, खिडकीशी पाट मांडला आणि पूजेला ठेवायची म्हणून रायफल दोन्ही हातांनी उचलली. तिथेच उभ्याने नळी-दस्ता पुसण्यात वीसेक मिनिटं गेली. हळदीचं बोट टेकायच्या आत दार धाडकन उघडलं. पुढच्या क्षणी तो गालिच्यावर पालथा होता आणि पाठीवर पोलिसाचा गुडघा होता.

तासाभराने कागद बघून पोलीस गेले. कुंपणापलीकडे कीथ ओशाळून उभा होता.

"सॉरी मेट, फोन मीच केला. खिडकीतून पाहिलं, वाटलं, कुणीतरी तुझ्या घरात घुसलाय."

उपेंद्रने चुरगळलेली टोपी झटकली. कीथ पुढे म्हणाला,


"रायफल मी लगेच ओळखली रे. तुला नाही ओळखलं."