जांभळा दिवा

मनगटात बसवलेला दिवा आजवर प्रत्येकाचा पांढराच असायचा. माणूस जिवंत आहे एवढंच तो सांगायचा. केतकीनं दिव्यांच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये रंगांची सोय केली. चांगल्या नाडीला हिरवा, तापाला पिवळा. ‘नाडी नाही, तरी दिवा चालू’ ही स्थिती कधीच येणार नव्हती. पण प्रत्येक शक्यता धरून ठेवायच्या प्रोग्रामरच्या सवयीनं तिनं त्या स्थितीलाही जांभळा देऊन टाकला.

सकाळी अपडेट सगळीकडे पोचलं. सासरे चहा घेऊन आले, तर त्यांचं मनगट जांभळं.

“बाबा, काहीतरी बग राहिलाय,” म्हणत ती हसत गॅलरीत आली. समोरच्या इमारतीत कपडे वाळत घालणाऱ्या, कुंड्यांना पाणी घालणाऱ्या सगळ्यांची मनगटं जांभळी होती. तिचं एकटीचं हिरवं. ते पाहून समोरचा एकेक हात थांबला.

सासऱ्यांनी कप हळूच कठड्यावर ठेवला.

“तरी मी म्हणत होतो, सूनबाई, पांढराच बरा आहे.”