सीटखालची बाटली

कॅनडाच्या पूर्व टोकाचं न्यूफाउंडलंड सोडल्यापासून व्हर्नाचं लक्ष रस्त्याकडे नव्हतंच. ते होतं नवऱ्याच्या सीटखाली फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या बाटलीकडे. मुक्कामाला उतरलं की सेल्बी आधी ती काखोटीला मारायचा, मग बॅगांना हात लावायचा.

"काय आहे रे त्यात?"

"पोचल्यावर कळेल. तू नकाशा बघ."

अकरा वर्षांपूर्वी दोघांनी एकाच दिवशी व्होडका सोडली होती. सस्कॅचवानमधल्या मोटेलवरून सेल्बी पेट्रोल भरायला गेला, तेव्हा व्हर्नाने फडकं सोडलं. आतलं पाण्यासारखंच दिसत होतं. चाखून बघायची हिंमत झाली नाही. स्वतःच्या जिभेवर तिचा भरवसा नव्हता. तिने बाटली बेसिनमध्ये ओतली, नळाखाली भरली आणि होती तशी गुंडाळून ठेवली. पुढचे चार दिवस सेल्बीने बाटलीबद्दल काहीच कुरकूर केली नाही. म्हणजे दुसरीही बाटली असणार कुठेतरी, अशी तिची खात्रीच पटली.

पॅसिफिकच्या काठावर, गुडघाभर पाण्यात उभं राहून सेल्बीने स्वतःच फडकं सोडलं.

"आपल्या खाडीतलं पाणी आहे गं. आपला डॅरेल बोटीसकट बुडाला ना, तिथलं. पोराला हा समुद्र बघायचा होता." त्याने बाटली तिच्यापुढे धरली. "खारट आहे का अजून? बघ जरा."

व्हर्नाने एक थेंब जिभेवर घेतला.

"खारटच आहे," ती म्हणाली, आणि सेल्बीने चाखायला बोट पुढे करायच्या आत तिने बाटली समुद्रात उपडी केली.