टायरवरचे केस

डॉक्टरांनी बाबांना सिगारेट सोडून सायकल धरायला सांगितली, तशी लेकीने नवीकोरी सायकल दारात आणून उभी केली. "कॉलेजात असताना सायकलवर अख्खा मुलूख पालथा घातलाय मी," बाबा म्हणाले. तेव्हापासून रोज सकाळी ते टेकडीपर्यंत रपेट मारून घामाघूम होऊन परतत.

दोन महिन्यांनी लेक सायकल तपासायला बसली आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. ब्रेकची रबरं जशीच्या तशी होती. सीटवर साधी सुरकुती नव्हती. नव्या टायरवर असतात ते रबराचे बारीक केससुद्धा ताठ उभे होते. म्हणजे सायकल कोपऱ्यावर लावून हे मित्राकडे झुरके मारत बसतात! आणि वर तोंड करून परवा नवे बूट मागत होते, जुन्यांचे तळ झिजले म्हणून!

दुसऱ्या दिवशी ती गुपचूप मागे गेली. बाबा कुठेच थांबले नाहीत. हँडल धरून ते सायकलच्या शेजारून टेकडीपर्यंत चालत गेले आणि तसेच चालत परतले. समोरून कोणी ओळखीचं आलं की एक पाय पॅडलवर ठेवून, आत्ताच उतरल्यासारखे उभे राहायचे. बाबांना सायकल येतच नव्हती.

घरी आल्यावर तिने हसू दाबून विचारलं, "बाबा, कशी चालतेय सायकल?"


"झकास चालते गं! उतारावर तेवढी पळायला बघते, ब्रेक जरा आवळून दे."