बिनपाण्याचं कूलंट

आप्पांची जुनी, जिवापाड जपलेली गाडी आता मुलाच्या दारात उभी असते. तिचं इंजिन सारखं तापायचं, म्हणून आप्पा दर रविवारी दोन बस बदलून रेडिएटरमध्ये पाणी घालायला यायचे आणि नातीशी पोटभर गप्पा मारून परतायचे.

या रविवारी त्यांनी स्वतःच शोधून बिनपाण्याचं कूलंट आणलं. सकाळभर खपून जुन्या पाण्याचा थेंब न् थेंब काढला, नवं भरलं आणि हात पुसत मुलाला ऐटीत म्हणाले, "आता ना उकळणार, ना गंजणार. जन्मात पाणी घालायला नको."



"सुटलात आप्पा," मोबाइलमधून मान वर न करता मुलगा म्हणाला, "म्हणजे आता दर रविवारी यायलाही नको."