मधली काच

“ही मधली काच खाली होते का हो?” गाडी विकत घ्यायला पुण्याहून आलेल्या बेहेऱ्यांनी विचारलं.

“होत असेल. आमच्याकडे कधी कुणी केली नाही,” हिंदुराव म्हणाले.

आजोबांनी ही लांबलचक मोटार खास बांधून घेतली होती. मागे मखमलीवर मालक, पुढे ड्रायव्हर, मध्ये काच. संस्थान गेलं, ड्रायव्हरही गेला, तेव्हा हिंदुरावच गाडी चालवू लागले. आबासाहेब मात्र मागेच बसत. वडिलांना ड्रायव्हरच्या जागेशेजारी कसं बसवायचं?

व्यवहार ठरला. चालवून बघायला बेहेरे स्टिअरिंगवर बसले. हिंदुरावांनी बेहेऱ्यांबरोबर आलेल्या त्यांच्या म्हाताऱ्या वडिलांसाठी अदबीने मागचं दार उघडलं, तर ते हसले. “छे हो, मी याच्याशेजारी बसणार. मागे बसून गप्पा कुणाशी मारू?”

मग हिंदुरावच मागे बसले, आबासाहेबांच्या जागी, जन्मात पहिल्यांदा. काचेपलीकडे बापलेक खदखदून हसत होते. ऐकू मात्र काहीच येत नव्हतं.

आयुष्याच्या शेवटच्या वर्षी एकदा आबासाहेबांनी पुढच्या दाराला हात घातला होता. हिंदुरावांना वाटलं, नजर अधू झाली, दार चुकलं. “आबासाहेब, इकडे,” म्हणत त्यांनी दंडाला धरून वडिलांना मागे नेऊन बसवलं होतं.

हिंदुरावांनी मधल्या काचेचं हँडल फिरवून पाहिलं. काच अलगद खाली गेली.