कृपया नवा संगणक वापरावा

पडद्यावर पुन्हा तेच वाक्य उमटले : ‘हा संगणक जुना आहे. कृपया नवा संगणक वापरावा. आपल्या सहकार्याबद्दल आभार.’

“जिल्ह्याचा माणूस पेनड्राइव्हवरून नवा प्रोग्रॅम घालून गेला, त्याला सात आठवडे झाले. रोज सकाळी हेच,” अमायी नान्खुम्वा म्हणाल्या. सरोवराकाठच्या त्या आरोग्यकेंद्रात त्या एकट्याच परिचारिका होत्या; ‘अमायी’ म्हणजे तिकडे ‘बाई’. “इतकं अदबीनं सांगतोय, की वाद घालवेना. जिल्ह्याकडे नवा मागितला. ते म्हणाले, रांगेत आहात.”

ते वाक्य संगणक बघायला आलेल्या लिम्बानीनेच लिहिले होते, ब्लँटायर शहरातल्या कचेरीत. ‘कृपया’ घालावे की नाही, याचा बराच वेळ विचार करून. लसीकरणाच्या या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती बांधताना त्याने चालू यंत्रांची यादी पाहिली होती. जुन्या विंडोजवरचे एकही यंत्र तीत नव्हते. यंत्रे आपली खबर इंटरनेटवरून देत. ज्यांच्याकडे इंटरनेटच नव्हते ती मुकी होती, आणि जी मुकी होती ती नाहीतच, असे तो धरून चालला होता.

दाराशी सायकल टेकवून कासालिका उभा होता. ज्या मुलांच्या लसीची तारीख जवळ येई त्यांच्या चिठ्ठ्या दर सोमवारी या संगणकातून निघत, आणि हा स्वयंसेवक त्या घरोघर पोहोचवी. सात आठवडे त्याची पिशवी रिकामी होती. पलीकडच्या गावात गोवर आला होता.

“म्हातारा दगावला असेल तर तसं सांगा, यंत्रांचे डॉक्टर,” संगणकाकडे बोट करून तो म्हणाला. “आम्ही निदान रडून तरी घेऊ.”

लिम्बानीने आपल्या लॅपटॉपवर, संगणकाचे वय विचारणाऱ्या तीन ओळी काढून टाकल्या. प्रोग्रॅम पुन्हा बांधला आणि पेनड्राइव्हवरून त्या जुन्या यंत्रात उतरवला. आता तो आणखी कशाने तरी अडावा, म्हणजे दोष त्या तीन ओळींचाच ठरणार नाही, असे त्याला मनातून वाटत होते. कशानेच अडले नाही. प्रोग्रॅम उघडला. प्रिंटर कुरकुरला आणि चिठ्ठ्या बाहेर येऊ लागल्या.

अमायी नावे वाचत गेल्या; कासालिका वाटेवरच्या घरांप्रमाणे त्या लावत गेला.

“मादालित्सो... फात्सानी... तियान्जाने कासालिका. नऊ महिने पूर्ण, गोवर. तारीख उलटून पाच आठवडे.”

त्याचा हात थांबला.

“माझी पोर?” तो म्हणाला. मग हळूच, “चिठ्ठी निघाली नाही. मला वाटलं, दिवस आहेत अजून.”

“काय झालं होतं हो या संगणकाला?” अमायींनी विचारले.

जुना आहे, एवढे म्हणणे पुरले असते. त्यावर त्या दोघांचाही केव्हाच विश्वास बसला होता.

“यंत्राला काही झालं नव्हतं, अमायी,” लिम्बानी म्हणाला. “सात आठवडे ते ठीकच होतं. ते वाक्य मी लिहिलं. जुन्या यंत्रावर एकदाही चालवून न बघता.”

कासालिकाने चिठ्ठ्यांचा गठ्ठा पिशवीत न घालता लिम्बानीच्या हातात दिला, बाहेर गेला आणि सायकलच्या मागच्या बैठकीवरची धूळ बाहीने पुसली.

“बसा,” तो म्हणाला. “त्रेचाळीस घरं आहेत. पाय चाकापासून लांब ठेवा.”

“लस मी तयार ठेवते,” अमायी दारातून म्हणाल्या. “आया निघतील तशा इकडे पाठवा.”

लिम्बानी गठ्ठा छातीशी धरून बसला. सायकल वाळूत एकदा डगमगली आणि चालू लागली.

“पहिलं घर माझं,” मागे न पाहता कासालिका म्हणाला. “तिच्या आईला तुम्हीच सांगा.”