पडद्यावरचं लग्न

बाबा बौद्धाचार्य होते. नाशिकरोडपासून मनमाडपर्यंत कितीतरी लग्नं त्यांनी लावली. ते गेल्यापासून आईने लग्नाला जाणं सोडलं आणि घरात त्यांचा विषय काढणंही.

तिने जरा हसावं म्हणून रविवारी तिला एका विनोदी प्रेमपटाला नेलं. शेवटी नायक-नायिकेचं लग्न आलं. पांढरी साडी, मेणबत्त्या, बुद्धमूर्ती, बाबासाहेबांची तसबीर. सिनेमात आपल्याकडचं लग्न कधी दाखवत नाहीत, म्हणून तर मी निर्धास्त होते.

त्रिशरण सुरू होताच आई हात जोडून उभी राहिली.

"अहो ताई, बसा ना. दिसत नाही काही," मागच्या रांगेतले काका म्हणाले.

"लग्नाला आलात ना? मग उभे राहा," आई वळूनही न बघता म्हणाली.

काका हसत उठले. त्यांच्या शेजारचेही उठले. आईकडे बघायचा मला धीर होईना.

पडद्यावर अक्षता म्हणून फुलं पडली, तशी तीच मागे वळली. "आमचे हे असते ना काका, तर या नवरदेवाला आधी तोंडातलं च्युइंगम थुंकायला लावलं असतं!"